बागेच्या दारात ठरणारा भाव

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याला लागलं की मालेगाव, राहुड घाट, चांदवड, पिंपळगाव बसवंत करत तीनेक तासांत नाशिक येतं. चांदवडपर्यंत कडेला कांद्याच्या चाळी दिसतात, पुढे द्राक्षांचे मांडव सुरू होतात आणि नाशिक ओलांडून गंगापूर धरणाकडे वळलं की वायनरींच्या पाट्या दिसू लागतात. जळगावकरांना हेच अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात पडतं, पण रेल्वे हाताशी असल्यामुळे तेही फारसं जड जात नाही. सकाळी बाग पाहायची, दुपारी टाक्या आणि पिंपांचं तळघर पाहायचं, मग एका लांब टेबलाशी उभं राहून पाच-सहा वाइन घोटाघोटाने चाखायच्या आणि आवडली ती बाटली विकत घेऊन परतायचं. अशा दिवसाला सहल म्हणतात आणि ती सहल असतेच. पण वायनरीच्या बाजूने पाहिलं तर तो धंद्याचा एक विचारपूर्वक बसवलेला भाग आहे. शेतमालाचा भाव एरवी बाजारात ठरतो. इथे मालकाने गिऱ्हाइकालाच बागेच्या दारात आणून उभं केलं आहे आणि भाव तिथेच ठरवायला घेतला आहे. खानदेशाने वाइन करावी की न करावी, या वादापेक्षा ही युक्ती खानदेशाच्या जास्त कामाची आहे, असं मला वाटतं. त्यासाठी आधी ती चालते कशी, ते पाहायला हवं.

वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांसारखी दिसत नाहीत, इथूनच सहलीला सुरुवात होते. मणी लहान, साल जाड, आत बी, आणि घड तारेवर उभ्या चढवलेल्या वेलींना गुडघा-कमरेच्या उंचीवर लागलेले. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायचा असतो, वाइनच्या द्राक्षाला तो फुगू द्यायचा नसतो. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो आणि लहान मण्यात गराच्या मानाने साल जास्त मिळते. म्हणून एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात. एप्रिलमधली खरड छाटणी वेलीचं लाकूड घडवते, पावसाळा सरतानाची छाटणी फळ आणते. आपल्या उष्ण हवेत वेल कधी झोपत नाही, म्हणून युरोपात एकदा होणारी छाटणी इथे दोनदा करावी लागते. तोडणी जानेवारी ते मार्च, तीही पहाटे, घड गार असताना. तोडणीआधी रसाचा थेंब एका नळीवजा यंत्राच्या काचेवर ठेवून साखर मोजतात. यीस्ट याच साखरेचं मद्य करतं, त्यामुळे हा आकडा साधला नाही तर पुढे काही साधत नाही. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करतात, तांबडीसाठी सालीसकट आंबवतात. दोन्हींतला बहुतेक फरक एवढ्यातच आहे.

चाखण्याचा क्रमही उगाच ठरलेला नसतो. आधी पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी आणि गोड असेल ती शेवटी. तांबड्या वाइनमधलं टॅनिन जिभेवर बसलं की हलक्या पांढरीची चव कळत नाही आणि गोडानंतर कोरडी वाइन आंबट लागते. हे टॅनिन म्हणजे काय, ते केळीच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कच्चं केळं चावल्यावर तोंड आवळतं ते याच जातीच्या द्रव्यांमुळे. मार्गदर्शक ग्लास उजेडात धरायला सांगतो, फिरवायला सांगतो, आधी वास घ्यायला लावतो आणि मग पेरू, हिरवी मिरची, काळी मिरी असं काहीबाही सुचवतो. यात थोडं नाटक असतं हे खरं. पण त्या अर्ध्या तासात आलेल्या माणसाला दोन वाइनमधला फरक स्वतःच्या जिभेने कळतो आणि ज्याला फरक कळला तो दोन बाटल्यांच्या वेगळ्या किमतींवर कुरकुर करत नाही. चाखवण्याचं सगळं अर्थकारण इथे आहे.

महाराष्ट्रात हे घडायला वेळ लागला. नारायणगावजवळ शामराव चौगुल्यांच्या इंडेजने १९८० च्या दशकात फेसाळ वाइन काढली, पण ती मुख्यतः निर्यातीसाठी आणि मोठ्या हॉटेलांसाठी होती. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. २००५ मध्ये सुलाने बागेतच चाखण्याची खोली उघडली. मद्याची उघड जाहिरात आपल्याकडे करता येत नाही आणि वाइनची तर लोकांना सवयही नव्हती. अशा वेळी नवा गिऱ्हाईक मिळवायचा तर त्याच्या हातात ग्लास देण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, त्यावर गदारोळ झाला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. त्यामुळे वायनरीच्या दाराचं महत्त्व उलट टिकून राहिलं. सुलाच्या एकूण उलाढालीत पर्यटनाचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. हा वाटा लहान आहे म्हणून त्याला कमी लेखणारे एक गोष्ट विसरतात. बागेतून घरी गेलेला माणूस पुढे गावातल्या दुकानात जाऊन नाव घेऊन बाटली मागतो आणि ती विक्री हिशेबात पर्यटनाच्या खात्यावर लिहिली जात नाही.

ही युक्ती नाशिकची नव्हे. फ्रान्समधल्या अल्सासने १९५३ मध्ये गावागावांना जोडणारा वाइनमार्ग आखला. रॉबर्ट माँडावी यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात वायनरी काढली ती पाहुणे येणार हे धरूनच. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशचा मार्ग १९७१ चा. पण चवीमुळे भाव कसा हलतो, याचा सर्वांत बोलका पुरावा २४ मे १९७६ चा आहे. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबल झाकून ठेवल्या. पांढऱ्या आणि तांबड्या, दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला गेला. त्या दिवशी नापाच्या जमिनीत काही बदललं नव्हतं, वेलीही त्याच होत्या. बदललं ते एवढंच, की लेबलाच्या दबावाखाली नसलेल्या जाणत्या जिभांनी निकाल दिला आणि तो जाहीर झाला. नापाच्या वाइनला पुढे मिळालेल्या प्रतिष्ठेत त्या दुपारचा मोठा हात आहे.

मग खानदेशाने सरळ द्राक्षमळेच लावावेत का? जुन्या नोंदी वाचल्या तर मोह होतो. सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी नंदुरबारच्या खरबुजांबरोबर तिथल्या द्राक्षांचीही वाखाणणी केली आहे. आज लवकर येणाऱ्या द्राक्षांसाठी नाव असलेला बागलाण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशातच मोडत होता, आणि बागलाणाला लागून असलेल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम भागाची हवा तापीकाठासारखी नाही. पण धुळे-जळगावचा मोठा प्रदेश समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर आहे, नाशिक सहाशेच्या आसपास. मणी पिकताना रात्री गार असाव्या लागतात, नाहीतर साखर वाढते आणि आंबटपणा उडून जातो, मग वाइन बेचव होते. फेब्रुवारी संपता संपता तापू लागणाऱ्या आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या जळगावात हा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तापीची खोल काळी जमीन केळी आणि कापसासाठी उत्तम आहे. वाइनच्या वेलीला मात्र निचऱ्याची, जराशी हलकी जमीन मानवते. उसन्या पिकाची सहल काढण्यापेक्षा हाती असलेल्या पिकाचा विचार केलेला बरा.

ते पीक केळी. जळगाव जिल्ह्यात पन्नास हजार हेक्टरांच्या आसपास केळी आहे आणि रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हा तिचा गाभा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं. २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची बावीस टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. इतकं असूनही रोजचा भाव कसा निघतो ते पाहावं. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी असे मालाचे वर्ग, क्विंटलमागे एक आकडा आणि त्याला जोडून ‘फरका’चा दुसरा आकडा. हा भाव बोर्डावर जाहीर होतो, पण त्या भावाने माल कापला जात नाही, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. तिची मुळं व्यापाऱ्याच्या वृत्तीपेक्षा खोल आहेत. घड कापणीला आला की थांबत नाही, चार-आठ दिवसांत हातचा जातो. आणि वर्ग लागवडीच्या हंगामावरून नि मालाच्या दिसण्यावरून पडतात, चवीवरून पडत नाहीत. ज्या मालाचा चवीवरून वर्गच होत नाही, त्याच्या चवीला भाव कोण देणार? दिल्लीच्या गिऱ्हाइकाला खाल्लेलं केळं रावेर तालुक्यातल्या सावद्याचं की आणखी कुठलं हे कळत नाही आणि कळण्याची सोयही नाही.

चवीला गावाचं नाव चिकटणं खानदेशाला अपरिचित नव्हतं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूर वाटेने गेला, तेव्हा नवापूरच्या तांदळाबद्दल त्याने लिहिलं, की दाणा बारीक, पांढराशुभ्र, कस्तुरीसारखा वास, आणि इराणात कुणाला मानाची भेट पाठवायची तर या तांदळाची गोणी पाठवतात. मानांकनाचं प्रमाणपत्र तेव्हा नव्हतं. वाटसरू नवापुरात थांबत, भात खात आणि पुढे जाऊन सांगत. प्रमाणपत्र आज आहे, पण अजिंठ्याच्या बहुतेक प्रवाशांच्या वेळापत्रकात केळीची बाग नसते. हे प्रवासी जळगाव स्टेशनावर उतरतात, साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे जातात आणि संध्याकाळी परत गाडीत बसतात.

इथे जाणकार शेतकरी पहिला आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. वाइन टिकते, केळी टिकत नाही. वाइन वर्षागणिक बदलते, ग्रँड नैन जातीचं केळं बारमाही एकसारखं. शिवाय बागेत उभ्या माणसाला चाखायला काय देणार, हिरवा घड? या आक्षेपातच उत्तर दडलेलं आहे, कारण केळी झाडावर पिकवतच नाहीत. घड पंचाहत्तर-ऐंशी टक्के भरला की विळ्याने उतरवतात. निर्यातीचा माल असेल तर फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात धुतात, चीक निघून जाऊ देतात आणि तेरा-साडेतेरा किलोच्या खोक्यात भरतात. पुढची खरी करामत पिकवणखोलीत होते. सोळा ते अठरा अंश तापमान, मोजून सोडलेला इथिलिन वायू, ठरलेला ओलावा आणि वेळेवर हवा खेळवणं. चार-सहा दिवसांत वीस टक्क्यांहून जास्त असलेला स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो, बाकीची साखर होते आणि तोंड आवळणारं टॅनिन बांधलं जाऊन निष्प्रभ होतं. तापमान चुकलं तर साल पिवळी होते पण गर कडक राहतो, किंवा गर मऊ होतो आणि साल हिरवी राहते. द्राक्षाचं जसं टाकीत तसं केळीचं या खोलीत ठरतं. म्हणून पाहुण्याला बागेत फिरवावं, पण चाखवावं ते पिकवणखोलीच्या दारात. एकाच बागेची, एकाच दिवशी कापलेली केळी तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवसाची अशी शेजारी मांडली, जोडीला जुनी बसराई, वेलची आणि लाल केळी ठेवली, आणि बाजारात पावडर मारून घाईने पिकवलेलं एक केळं तुलनेला ठेवलं, तर फरक सांगायला भाषणाची गरज पडणार नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण बंदी कशासाठी आहे ते जिभेला कळलेला ग्राहक कायद्यापेक्षा कडक पहारेकरी ठरतो. केळी सगळीकडे एकसारखी असते हा समज मुळात न चाखण्यातून आलेला आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि खानदेशात तो टाळून पुढे जाता येत नाही. दारूने घरं उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या मुलखात वाइनच्या सहलीचं कौतुक कशाला? वाइन म्हणजे दारू नव्हे, हे वायनरीवाल्यांचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेलं पेय दारूच आहे, आणि पाच-सहा घोट मिळून एक भरलेला ग्लास पोटात जातो. चाखून थुंकायला टेबलावर भांडं ठेवलेलं असतं, पण आपले लोक लाजेने त्याचा उपयोग करत नाहीत. गाडी स्वतः चालवत धुळ्याला परतणाऱ्याने तो करायलाच हवा, नाहीतर ग्लास दुसऱ्याला द्यावा. मात्र या भूमीतल्या दारूविरोधाचा इतिहास नीट वाचला तर त्यात आणखी एक मुद्दा सापडतो. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींत पसरलेली देवीची चळवळ आणि १९३० च्या दशकात तळोद्याकडे भिल्लांमध्ये गुलाम महाराजांनी उभी केलेली आप चळवळ, दोन्हींनी दारू सोडायला सांगितलं. त्यामागे धर्म होता, आरोग्य होतं आणि रोकडा हिशेबही होता. मोहाची फुलं आदिवासी वेचणार, दारूचा परवाना दुसऱ्याकडे, आणि उधारीत जमीन सावकाराकडे. माल पिकवणाऱ्याच्या हाती किंमत ठरवण्याचा अधिकार उरला नव्हता. त्या चळवळींनी विचारलेला प्रश्न वायनरीलाही विचारला पाहिजे आणि केळीच्या व्यापारालाही. केळी, भरिताचं वांगं, मेहरूणची बोरं चाखवायला दारूचा थेंब लागत नाही. म्हणून वाइनला नकार देणाऱ्याने चाखवण्याच्या पद्धतीलाही नकार देण्याचं कारण नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. सहलीचा पैसा कंपनीला मिळतो, शेतकऱ्याला काय? नाशिकचा अनुभव इथे धडा घेण्याजोगा आहे. २००१ नंतर वाइनच्या द्राक्षांखालचं क्षेत्र झपाट्याने वाढलं. २००८ च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांची मागणी आटली, वायनरींनी माल उचलला नाही आणि अनेकांनी वेली उपटून टाकल्या. वाइनचं द्राक्ष खायला चालत नाही, त्यामुळे करार मोडला की दुसरा गिऱ्हाईक नाही. इंडेजसारखी आद्य कंपनी कर्जात बुडाली. चाखण्याची खोली कंपनीची आणि बाग कराराच्या शेतकऱ्याची असेल, तर चवीने वाढलेला भाव खोलीच्या मालकाकडे जातो. यातून केळीपट्ट्याने घ्यायचं ते हे, की खोली शेतकऱ्यांच्या संस्थेची हवी. गावोगावच्या फ्रूटसेल सोसायट्यांनी एके काळी रेल्वेच्या वॅगन भरून केळी उत्तरेत पाठवली, तेव्हा सामुदायिक व्यवहार या पट्ट्याला नवा नाही. तंत्रज्ञानाचंही तसंच. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावातला केळी पावडरीचा बंद पडू लागलेला कारखाना घेतला, तिथे पपेन बनवायला सुरुवात केली आणि पुढे ठिबक नि ऊतिसंवर्धित रोपं यांनी केळीची शेतीच बदलून गेली. उत्पादन कसं वाढवायचं, ते जळगावने देशाला शिकवलं. विकण्याची बाजू मात्र बोर्डावरच्या आकड्यावर सोडून दिली.

पर्यटनाने पन्नास हजार हेक्टरांची केळी खपेल, असं कुणी म्हणत असेल तर तो फसवतो आहे. वायनरीतही बागेत खपणारा माल थोडाच असतो. पण त्या थोड्या मालामुळे उरलेल्याला तुलनेचा आकडा मिळतो. पिकवणखोलीच्या दारात किलोला अमुक भावाने केळी रोख खपते, हे रोज फळ्यावर लिहिलेलं असलं, तर बोर्डावरच्या भावाशी भांडताना शेतकऱ्याच्या हातात कागद असेल. आज त्याच्या हातात केवळ तक्रार आहे. सुरुवात लहानच करावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांपुरतीच, कारण उन्हाळ्यात इथे पाहुणा बोलावणं म्हणजे त्याचा छळ. अजिंठा एका दिवशी आणि केळीपट्टा दुसऱ्या दिवशी, एवढंच जोडावं. दुपारी बामणोदकडच्या वांग्याचं काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी असली तर जेवणाची वेगळी जाहिरात करावी लागणार नाही. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्यांना आणि त्यांच्या संस्थांना अशी केंद्रं नोंदवण्याची वाट करून दिली आहे. ज्या सोसायटीकडे किंवा शेतकरी कंपनीकडे पिकवणखोली आधीच आहे, तिने येत्या हंगामात आठवड्यातून एक दिवस ती पाहुण्यांसाठी उघडावी, तिकीट लावावं आणि दारातला भाव फळ्यावर लिहावा.